नागरिकांना 'राजकीय साक्षर' करणारे सरकारी कार्यक्रम: यश मोजायचं कसं?

मोजपट्टी
मंडळी, विषय जरा कोरडा आहे आणि पक्षीय राजकारणाचा अजिबात नाही, त्यामुळे धागा भरकटवू नका ही विनंती. आमच्या छोट्याशा संस्थेकडे एका सरकारी खात्याचं मूल्यमापनाचं काम आलंय. प्रौढ नागरिकांसाठी राजकीय शिक्षणाचे वर्ग झाले, म्हणजे राज्यघटना, मतदान, स्थानिक कारभार कसा चालतो, बजेट कसं वाचायचं, तक्रार कुठे करायची असलं सगळं, आणि आता त्याचा 'प्रभाव' काढून द्यायचाय. गंमत अशी की प्रश्नावली खात्याने आधीच छापून ठेवलीये. पहिली तीन विधानं जशीच्या तशी देतो:

'या कार्यक्रमामुळे मला माझ्या हक्कांची व कर्तव्यांची जाणीव झाली.'
'या कार्यक्रमामुळे शासकीय संस्थांवरील माझा विश्वास वाढला.'
'मी येत्या निवडणुकीत मतदान करणार आहे.'

पुढे पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत असे पाच चौकोन. आणि हे भरून घ्यायचं कधी, तर शेवटच्या दिवशी, प्रमाणपत्र वाटायच्या आधी, प्रशिक्षक समोर उभा असताना. निकाल काय येणार ते मी आत्ताच सांगू शकतो, नव्वदच्या वर टक्के लोक पूर्ण सहमत. पण मग मोजायचं काय आणि कसं? कुणी असं काम केलं असेल, वाचलं असेल तर सांगा. खातं म्हणतंय प्रश्न बदलले तर चालतील पण 'फार अवघड नकोत'.

जुनं खोड
अहो तुम्हाला बोलावलंय ते पाठ थोपटायला, तपासायला नाही. बिल वेळेवर पास व्हायला हवं असेल तर तीच प्रश्नावली भरून द्या, रंगीत पाय चार्ट काढा आणि मोकळे व्हा. (अर्धी गंमत, अर्धं खरं.)

आकडेमोड
जुनं खोड यांचा वैताग समजू शकतो पण प्रश्न चांगला आहे.

मोजपट्टी, पहिली अडचण प्रश्नांची नाहीच, वर्गाला आलं कोण याची आहे. असल्या वर्गांना जे स्वतःहून येतात ते आधीपासूनच पेपर वाचणारे, सभेला जाणारे, चार लोकांत बोलणारे असतात. मग वर्गानंतर त्यांची तुलना न आलेल्यांशी केली की फरक दिसणारच, आणि तो फरक कार्यक्रमाने केला असं छातीठोकपणे लिहून मोकळं व्हायचं. यावर उपाय एकच बरा आहे, आणि तो आधी करावा लागतो. कार्यक्रम सगळीकडे एकदम चालू न करता टप्प्याटप्प्याने करायचा आणि पहिल्या टप्प्यात कोणते वॉर्ड किंवा गावं येणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. दुसऱ्या टप्प्यातले लोक मग आपोआप तुलनेला मिळतात, कुणावर अन्यायही होत नाही, कारण वर्ग त्यांनाही मिळणारच असतो. तुमच्याकडे बैल गेला अन् झोपा केला अशी स्थिती असेल तर निदान पुढच्या टप्प्यासाठी तरी हे खात्याच्या गळी उतरवा.

दुसरं, 'मी मतदान करणार आहे' हा प्रश्न पहिल्यांदा खोडा. मतदान केलं असं सांगणारे प्रत्यक्ष केलेल्यांपेक्षा जास्त निघतात हे अमेरिकेत सर्व्हेची उत्तरं सरकारी नोंदींशी ताडून पाहिल्यावर वारंवार दिसलंय. आणि त्यातही शिकलेले, राजकारणात रस असलेले लोक जास्त थापा मारतात, कारण मत न देणं ही लाजेची गोष्ट आहे हे त्यांनाच जास्त कळतं. म्हणजे बघा, तुमचा वर्ग जितका चांगला तितका हा आकडा जास्त फुगणार. वागणं बदललं म्हणून की लाज वाढली म्हणून, कसं कळणार?

वळीव
मतदानाची टक्केवारीच घ्या की सरळ. अधिकृत आकडा असतो, कुणाला विचारायची गरज नाही. आपल्याकडे निवडणूक आयोगाने २००९ पासून स्वीप हा मतदार जागृतीचा कार्यक्रम चालवलाय, लोकसभेचं मतदान २००९ ला ५८ टक्क्यांच्या आसपास होतं ते २०१४ ला ६६ च्या वर गेलं. झालं की सिद्ध!

आकडेमोड
@वळीव, आणि २०१९ ला ६७.४ झालं, २०२४ ला ६५.८ वर आलं. मग २०२४ ला स्वीप नापास का? २०१४ ला प्रचाराचा धुरळा किती होता, नवे मतदार किती आले, याद्यांमधली मयत आणि दुबार नावं काढली की छेदच लहान होतो आणि टक्केवारी आपोआप वर जाते, हे सगळं कुठे धरायचं? स्वीपवाल्यांचं एक मात्र चांगलं आहे, त्यांनी आधी आणि नंतर असे माहिती-दृष्टिकोन-वर्तन याचे सर्व्हे करायची पद्धत पाडली. लोक मत का देत नाहीत, यादीत नाव नाही म्हणून, गाव सोडलंय म्हणून की इच्छा नाही म्हणून, हे विचारलं तरी जातं. पण देशभराच्या टक्केवारीवरून कार्यक्रमाला श्रेय देणं म्हणजे कोंबडं आरवल्याने सूर्य उगवला.

उलटतपासणी
मुळात मतदान वाढवणं आणि राजकीय शिक्षण हे एक आहे का? मिशिगनमध्ये २००६ साली एक प्रसिद्ध प्रयोग झाला. लोकांना पत्र पाठवलं की मागच्या निवडणुकांत तुम्ही मत दिलं की नाही आणि तुमच्या शेजाऱ्यांनी दिलं की नाही हे बघा, आणि निवडणुकीनंतर पुन्हा असा तक्ता पाठवू. ज्यांना काहीच पाठवलं नव्हतं त्यांच्यात मतदान २९.७ टक्के, हे पत्र गेलं तिथे ३७.८ टक्के. एका कागदाने आठ टक्के! पण त्या पत्रातून कुणी काय शिकलं? काहीही नाही. शेजारी बघतोय एवढंच. मतदान हाच निकष धरला तर सगळे वर्ग बंद करून लाज काढणारी पत्रं छापणं सगळ्यात स्वस्त पडेल.

शाईचा ठिपका
+१ उलटतपासणी.

मी काही वर्षं प्रौढांचे असे वर्ग घेतलेत (सरकारी पैशावर पण एका संस्थेमार्फत), त्यामुळे पलीकडच्या बाजूने थोडं. आम्हाला वरून विचारलं जायचं फक्त 'लाभार्थी किती'. त्यामुळे काय व्हायचं, तर सत्र संपत आलं की हजेरीपत्रक फिरायचं, मग कुणीतरी घरच्यांच्या नावाने सह्या करायचं, आणि एका पानावर ओळीने सगळ्या सह्या एकाच निळ्या पेनाने, एकाच तिरक्या वळणाच्या. वरचा साहेब ते पान बघून आकडा लिहून घ्यायचा, सह्या नाही बघायचा. आणि मला त्या आकड्यापेक्षा जास्त महत्त्वाची वाटलेली गोष्ट कुठल्याच फॉर्ममध्ये नव्हती. एक बाई आधी फक्त बसून असायच्या, चौथ्या-पाचव्या सत्रात त्यांनी मलाच अडवलं, 'हे तुम्ही म्हणताय ते कायद्यात कुठे लिहिलंय ते दाखवा'. ते मोजायचं कसं मला माहीत नाही पण शिक्षण झालं असेल तर ते तिथे झालं.

रानवारा
हजेरीपत्रकाचा रोग आपलाच नाही हो. स्वीडनमध्ये अभ्यासमंडळांची शंभर वर्षांहून जुनी परंपरा आहे, सात-आठ जण एकत्र बसून विषय शिकतात आणि राज्य त्याला अनुदान देतं, सगळं जग तिकडे कौतुकाने बघतं. तिथेही २०२० च्या सुमारास प्रकरणं बाहेर आली, न झालेली मंडळं दाखवलेली, न आलेल्यांची नावं, आणि त्यावर उचललेलं अनुदान. तास आणि डोकी मोजून पैसे द्यायचे म्हटलं की कागदावर तास आणि डोकी उगवतातच, मग देश कुठलाही असो. त्यामुळे मोजपट्टी, तुमच्या अहवालात पहिलं पान हजेरीच्या तपासणीचं ठेवा. नावं यादीतून चिठ्ठीने काढायची, फोन करायचा, 'वर्ग कुठे झाला, कोण शिकवत होतं, काय आठवतंय' एवढं विचारायचं. बाकी प्रभाव वगैरे नंतर.

मोजपट्टी
सगळ्यांचे आभार, अपेक्षेपेक्षा बरंच आलं. रानवारा, तो फोनचा प्रकार स्वस्त आहे, नक्की करणार. शाईचा ठिपका, तुमची ती बाई डोक्यात राहिली.

आता माझा खरा अडलेला प्रश्न दुसऱ्या विधानाचा आहे, 'विश्वास वाढला'. खात्याला हे विधान काढायचं नाहीये. त्यांचं म्हणणं, सरकार पैसे घालतंय तर लोकांचा सरकारवरचा विश्वास वाढला पाहिजे, नाहीतर कार्यक्रम कशाला? बैठकीत मला पटकन उत्तर सुचलं नाही.

उलटतपासणी
उत्तर हे की विश्वास कमी होणं हे यशही असू शकतं.

डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये नव्वदच्या दशकात नागरिक शिक्षणाचे कार्यक्रम झाले, स्टीव्हन फिंकेल या अभ्यासकाने सहकाऱ्यांबरोबर त्यांचा अभ्यास केला. वर्गाला गेलेले लोक राजकारणात जास्त भाग घेऊ लागले पण संस्थांवरचा त्यांचा विश्वास मात्र घटला. कारण काय तर संस्था कशा चालायला हव्यात हे कळलं, आणि त्या तशा चालत नव्हत्या! युगांडाचंही तसंच. १९९५ च्या राज्यघटनेआधी तिथे लोकांना घटना बनवण्याच्या प्रक्रियेत ओढण्याचा मोठा खटाटोप झाला. नंतर दिसलं की भाग घेतलेल्यांना लोकशाही जास्त हवीशी होती पण स्वतःच्या सरकारी संस्थांबद्दल ते जास्त साशंक होते. आता खात्याच्या प्रश्नावलीने मोजलं तर हे दोन्ही कार्यक्रम नापास. माझ्या लेखी मात्र उत्तम.

भ्रष्ट कार्यालयावर विश्वास वाढला असं अहवालात आलं तर त्याचा अर्थ शिक्षण झालं नाही, जाहिरात झाली.

जुनं खोड
वा! आता हे वाक्य खात्याच्या बैठकीत म्हणून दाखवा आणि पुढचं काम मिळतं का बघा.

चकवा
मला उलटतपासणी यांचं सरसकट पटत नाही. विश्वास कमी झाला की शिक्षण यशस्वी, हे पण तितकंच सोपं सूत्र झालं. काही ठिकाणी संस्था बरं काम करते आणि लोकांना ते माहीत नसतं, तिथे माहिती मिळाल्यावर विश्वास वाढायलाच हवा. आणि काही लोक वर्गातून फक्त 'सगळे चोर' एवढंच घेऊन घरी जातात, ते काय शिक्षण म्हणायचं? मला वाटतं विश्वास वाढला की घटला हे न विचारता, विश्वास कामाप्रमाणे बदलतो का ते विचारावं. म्हणजे त्याच माणसाला दोन काल्पनिक कार्यालयांची वर्णनं द्यायची, एक वेळेत उत्तर देणारं, हिशेब लावणारं, दुसरं टोलवाटोलवी करणारं, आणि दोघांवर किती विश्वास ठेवाल ते विचारायचं. शिकलेल्या माणसाच्या उत्तरांत दोन्हींमधलं अंतर जास्त असायला हवं. सरसकट भक्त आणि सरसकट निराश, दोघांचंही अंतर शून्य येईल.

आकडेमोड
@चकवा हे झकास आहे. वर्णनांचा क्रम आलटून पालटून द्या म्हणजे झालं.

उलटतपासणी
मान्य. माझ्यापेक्षा नेमकं मांडलंत.

वळीव
ठीक आहे, टक्केवारी मागे घेतो :) पण मग खरंच काही फरक पडतो का या कार्यक्रमांनी? की सगळं कागदी घोडे नाचवणं? मी वाचलं होतं की उमेदवारांची माहिती लोकांना देऊनही मतं बदलत नाहीत.

आकडेमोड
तुम्ही म्हणताय ते बहुतेक २०१९ मध्ये आलेले एकत्रित निकाल. बेनिन, ब्राझील, बुर्किना फासो, मेक्सिको, युगांडा, इथे वेगवेगळ्या टीमनी आधी एकत्र बसून पद्धत ठरवली आणि मग लोकप्रतिनिधींच्या कामगिरीची माहिती मतदारांपर्यंत पोचवून पाहिली. सरासरी परिणाम जवळजवळ शून्य. एकेकटे प्रयोग वाचले की वाटतं जादू आहे, सगळे एकत्र मांडले की हवा जाते. त्यात बहुतेक ठिकाणी एखादं पत्रक, एखादी भेट, असा एकदाच दिलेला डोस होता हेही खरं.

आणि डोसबद्दल फिंकेलच्याच अभ्यासातलं (डॉमिनिकन रिपब्लिक, पोलंड, दक्षिण आफ्रिका) सगळ्यात उपयोगाचं निष्कर्ष हे आहे की एकदोन सत्रांना बसलेल्यात आणि अजिबात न बसलेल्यात फारसा फरकच नव्हता. तीन किंवा जास्त सत्रं, आणि तीही नुसतं भाषण नाही तर नाटुकली, गटचर्चा, खोटी खोटी सभा असं लोकांना करायला लावणारी, शिवाय शिकवणारा विषय जाणणारा आणि लोकांना आवडणारा, असं जमलं तिथेच परिणाम दिसला. म्हणून मोजपट्टी, 'आले' आणि 'नाही आले' असे दोनच कप्पे करू नका, किती सत्रं आणि कशा प्रकारची हे वेगळं नोंदवा. तुमच्या कार्यक्रमात एकदिवसीय मेळावेच जास्त असतील तर मग प्रभाव शोधायलाही जाऊ नका, पैसे वाचवा.

मोजपट्टी
साधारण दोन तृतीयांश एकदिवसीय मेळावेच आहेत :(

जुनं खोड
व्यासपीठ, हार, दोन तास स्वागतपर भाषणं, मग वीस मिनिटं राज्यघटना. बरोबर ना?

केवडा
इतका वेळ नुसती वाचत होते. सगळे सरासरीबद्दल बोलताय म्हणून लिहिते.

मालीमध्ये एक अभ्यास झाला होता, जेसिका गॉटलिब यांचा. गावागावांत नागरिक शिक्षणाचे वर्ग घेतले, स्थानिक सरकारने काय करायला हवं, त्याला जाब कसा विचारायचा वगैरे, आणि कुठल्या कम्यूनमध्ये (तिथला स्थानिक कारभाराचा विभाग) वर्ग घ्यायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं होतं. परिणाम असा निघाला की पुरुषांचा सार्वजनिक कामातला सहभाग वाढला आणि बायकांचा कमी झाला. हो, कमी. कारण बायकांनी तिथे पुढे येणं आधीच लोकांच्या डोळ्यावर यायचं, आणि कार्यक्रमाने सार्वजनिक कामाला महत्त्व आणल्यावर 'तू कशाला मध्ये' हा दबाव आणखी वाढला. सरासरी काढली असती तर यातलं काही दिसलंच नसतं, थोडीशी वाढ म्हणून अहवाल पुढे सरकला असता.

आणि उलटंही होतं. पाकिस्तानात सिंधमध्ये २००८ च्या निवडणुकीआधी घरोघरी जाऊन बायकांना मतदानाची माहिती दिली, साधं बोलून, चित्रं दाखवून. ज्यांना दिली त्यांचं मतदान वाढलं, त्यांनी कुणाला मत द्यायचं हे जास्त स्वतःच्या मनाने ठरवलं, आणि शेजारच्या ज्या बायकांना काहीच सांगितलं नव्हतं त्यांचंही वाढलं. म्हणजे इथे शेजारणीला तुलनेसाठी धरलं असतं तर कार्यक्रमाचा परिणाम असतो त्यापेक्षा कमी दिसला असता. तर मोजपट्टी, तुमच्या खात्याने बायका किती आल्या हे मोजलं असेलच, बोलल्या किती ते मोजलंय का? आणि घरी गेल्यावर काय झालं?

शाईचा ठिपका
केवडा, अगदी अगदी. आमच्या वर्गात बायकांची हजेरी कायम जास्त असायची आणि प्रश्न विचारणारे हात पुरुषांचे. अहवालात 'महिलांचा उत्स्फूर्त सहभाग'.

रानवारा
एक मोठी गोष्ट राहतेय. आपण लोक किती शिकले तेच मोजतोय, सरकारने काय शिकवलं ते कोण तपासणार? सत्तेत बसलेलाच जर राजकारण शिकवणार तर शिकवण्याचा प्रचार व्हायला वेळ लागत नाही. मूल्यमापनाचा निम्मा भाग वर्गात मागच्या बाकावर बसून ऐकण्याचा असायला हवा.

जर्मनीत नागरिकांना राजकीय शिक्षण देणारं केंद्रीय कार्यालय १९५२ पासून आहे, गृहमंत्रालयाच्या हाताखाली. म्हणजे संशयाला जागा आहेच. पण तिथे देखरेखीला संसदेतल्या खासदारांचं मंडळ असतं, विरोधी पक्षांचेसुद्धा, आणि १९७६ मध्ये बॉइटेल्सबाख नावाच्या गावात झालेल्या परिषदेतून तीन तत्त्वं आली ती अजून पाळली जातात. शिकणाऱ्यावर मत लादायचं नाही, समाजात जे वादग्रस्त आहे ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडायचं, आणि शिकणाऱ्याला स्वतःचं हित कशात आहे ते ओळखून त्यासाठी काही करता आलं पाहिजे. मुळात शाळांसाठी होती, पण प्रौढ शिक्षणातही तोच दाखला देतात. यातलं दुसरं तत्त्व तपासायला फार सोपं. कुठल्याही चालू वादाचं सत्र घ्या, प्रशिक्षकाने किती बाजू मांडल्या आणि प्रत्येकीला किती मिनिटं दिली, घड्याळ लावून लिहा.

चकवा
आणि एवढी काळजी घेऊनही भांडणं होतातच. त्याच कार्यालयाचं २००२ पासूनचं एक ऑनलाइन साधन आहे, वाल-ओ-माट. तुम्ही विधानांवर सहमत-असहमत सांगायचं, ते कुठल्या पक्षाच्या भूमिकेशी तुमचं किती जुळतं ते सांगतं. २०१९ च्या युरोपीय निवडणुकीच्या ऐन तोंडावर व्होल्ट नावाचा छोटा पक्ष कोर्टात गेला. का, तर निकाल बघताना एकावेळी जास्तीत जास्त आठच पक्ष निवडता येत होते, म्हणजे लोक ओळखीचे मोठे पक्ष निवडणार आणि छोटे मागे पडणार. कोलोनच्या कोर्टाने त्यांचं ऐकलं, साधन काही दिवस बंद झालं, मग समझोता होऊन परत चालू झालं. सांगायचा मुद्दा, एका स्क्रीनवर किती पक्ष निवडता येतात एवढ्या बारीक गोष्टीत निःपक्षपातीपणा अडकतो. 'सत्र निःपक्षपाती होते: होय / नाही' असा चौकोन ठेवून काय कळणार?

उलटतपासणी
आयर्लंडचं पण बघा. सार्वमताआधी लोकांना विषय समजावून द्यायला १९९८ च्या कायद्याने स्वतंत्र आयोग नेमायची सोय केली. सुरुवातीला आयोगानेच बाजूचे आणि विरोधातले दोन्ही युक्तिवाद मांडायचे असं होतं. २००१ मध्ये नीस कराराचं (युरोपीय संघाचा करार) सार्वमत जेमतेम ३५ टक्के मतदानात फेटाळलं गेलं, आणि त्याच वर्षी कायदा बदलून दोन्ही बाजू मांडायचं काम आयोगाकडून काढून घेतलं, फक्त विषय समजावून सांगा म्हणाले. आता हे शिक्षण सुधारलं की बिघडलं? मला अजून ठरवता येत नाही. दोन बाजू मांडल्या तर कृत्रिम समतोल वाटतो, नाही मांडल्या तर सगळं सपक होतं. पण चांगली गोष्ट ही की आयोग नंतर अहवाल द्यायचा आणि लोकांना विषय कितपत कळला याचे सर्व्हे त्यात असायचे, कमी कळला असेल तर तसं लिहायचे.

वळीव
परीक्षाच घ्या ना मग सरळ, किती कळलं ते.

केवडा
जर्मनीत नागरिकत्वासाठी घेतात की. २००८ पासून, ३३ प्रश्न, १७ बरोबर आले की पास, आणि सगळे प्रश्न ज्या यादीतून येतात ती ३१० प्रश्नांची यादी खुली असते. लोक पाठ करतात आणि पास होतात. नागरिकत्व द्यायचं की नाही यासाठी चालेल, पण माणूस नागरिक म्हणून काय करू शकतो ते त्यातून कळत नाही.

आकडेमोड
परीक्षेबद्दल एक तांत्रिक धोका. 'तुम्हाला स्थानिक कारभार किती समजतो, एक ते दहा' असं आधी आणि नंतर विचारलं तर कधीकधी नंतरचा आकडा खाली येतो. वर्गाआधी माणसाला वाटत असतं सगळं येतं, वर्गात कळतं की विषय केवढा मोठा आहे. मग अहवालात 'ज्ञान घटले'. म्हणून स्वतःबद्दलचं मत विचारूच नका, काम करायला द्या.

मोजपट्टी
ओके, इतकं सगळं वाचून मी प्रश्नावलीचा पहिला कच्चा मसुदा केलाय. बघा कसा वाटतो.

वर्ग संपल्यावर काहीच भरून घ्यायचं नाही, फक्त नाव आणि किती सत्रं. सहा महिन्यांनी आमची माणसं जाणार, प्रशिक्षक किंवा खात्याचं कुणी बरोबर नसणार. माणसाच्या हातात एक कागद द्यायचा, त्यावर एक काल्पनिक सरकारी नोटीस. तुमच्या वस्तीतला सार्वजनिक नळ अमुक तारखेपासून बंद होणार, हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावी, खाली सही आणि पदनाम. नोटिशीत मुद्दाम दोन गोष्टी गाळलेल्या, कुठल्या नियमाखाली ते नाही आणि हरकत कुणाकडे द्यायची ते नाही. मग विचारायचं, यात काय लिहिलंय, काय लिहायचं राहिलंय, तुम्ही काय कराल, कुणाला बरोबर घ्याल. उत्तर जसंच्या तसं लिहून घ्यायचं. वाचता न येणाऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवायचं. मग चकवा यांची दोन कार्यालयं. मग गेल्या सहा महिन्यांत कुठे अर्ज, तक्रार, सभा केली का, केली असेल तर कागद किंवा पोच दाखवता येईल का. बायकांची मुलाखत बाईच घेणार, घरच्या पुरुषांसमोर नाही. विश्वासाचं विधान बाद.

आणि वर्गात मागे बसून घड्याळ लावायचं ते रानवारा यांचं, ते खात्याला विचारून बघतो.

शाईचा ठिपका
नोटीस मस्त. गाळलेली गोष्ट ओळखणं म्हणजे तीच 'कायद्यात कुठे लिहिलंय' वाली बाई. फक्त उत्तरांना गुण देणारे दोन वेगवेगळे लोक ठेवा आणि त्यांना हा माणूस वर्गाला गेलेला की न गेलेला ते कळू देऊ नका.

आकडेमोड
आणि काम सुरू व्हायच्या आधी लिहून ठेवा की काय आलं तर यश म्हणायचं आणि काय आलं तर अपयश, त्यावर खात्याची सही घ्या. नंतर कुणाला सोयीचा आकडा तेवढा उचलता येत नाही. अहवाल जसा येईल तसा जाहीर करायची अटही त्यातच घाला.

जुनं खोड
सही देतील असं वाटतं?

मोजपट्टी
यश-अपयश कशाला म्हणायचं त्या पहिल्या दोन पानांवर देतील. जाहीर करायच्या अटीवर 'चर्चा करू' म्हणालेत. सोमवारी बैठक आहे.

रानवारा
अट लेखी मांडा, नकार आला तर तोही लेखी मागा. आणि तो अहवालाच्या पद्धतीच्या भागात टाका, 'सत्रांचे निरीक्षण करण्याची व अहवाल प्रसिद्ध करण्याची परवानगी मिळाली नाही' एवढंच, टीकाटिप्पणी न करता.

केवडा
मुलाखत घेणाऱ्या बायकांना प्रवासाचे पैसे बजेटमध्ये आत्ताच धरा, तेच पहिलं कापतात.